हेल्पर आणि बँकर

कसाऱ्याला लांब पल्ल्याची गाडी थांबली की मागून हलका धक्का बसतो. बँकर लागला! इगतपुरीपर्यंतचा थळ घाट म्हणजे ३७ फुटांना एक फूट चढ. मागच्या इंजिनांनी रेटा दिल्याशिवाय बहुतेक गाड्या वर जात नाहीत. या इंजिनांच्या ‘बँकर’ नावात पैशांचा संबंध नाही. इंग्रजी रेल्वेभाषेत ‘बँक’ म्हणजे चढण. अमेरिकेत याच इंजिनाला ‘हेल्पर’ म्हणतात.

आपल्याकडे मात्र हेल्पर म्हणजे गवंड्याला माल कालवून देणारा, घमेली वाहणारा. राबतो तो, नाव मिस्त्रीचं. हे मला फार खटकतं. ‘हेल्प’साठीचा आपला शब्द ‘मदत’ अरबीतून फारसीमार्गे आला. ‘सहाय’ संस्कृतातला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘बरोबर जाणारा’, सोबती. हेल्परला हा शब्द शोभतो. हाताखालचा नव्हे, बरोबरीचा.