फर्दापूरहून उजवीकडे

कबड्डीत चढाईपटू गडी टिपून मागे फिरला की त्याने कुणाला कुठे शिवले हे बघायला कोणी धावत नाही. सगळे झेपावतात ते त्याची मध्यरेषेकडची वाट अडवायला. मोगलांचा दख्खनचा सुभेदार खानजहान बहादूर १६८१ मध्ये नेमका इथेच चुकला.

संभाजीराजांच्या राज्याभिषेकाला जेमतेम पंधरवडा झाला होता. जानेवारी सरता सरता मराठी फौज अचानक बुऱ्हाणपूरच्या बहादूरपुऱ्यावर येऊन आदळली. सराफ, व्यापारी आणि मालाने गच्च भरलेल्या वखारी, असा हा शहराबाहेरचा पुरा. बुऱ्हाणपूरचे तलम कापड तेव्हा इराण-तुर्कस्तानापर्यंत जात असे. शहरात सुभेदाराचा नायब काकरखान अफगाण होता, पण मैदानात उतरण्याइतकी माणसे त्याच्यापाशी नव्हती. त्याने दरवाजे लावून घेतले. शहर वाचले, पुरे मात्र उघडे पडले. बहादूरपुऱ्यासह हसनपुरा, शहागंज, खुर्रमपुरा, नवाबपुरा अशा सतरा-अठरा वस्त्या तीन दिवस लुटल्या गेल्या.

खानजहान औरंगाबादेत होता. बातमी कळताच तो निघाला आणि एका दिवसरात्रीत बत्तीस कोस तोडून अजिंठ्याच्या घाटातल्या फर्दापूरला पोचला. त्याला सुस्त म्हणण्याची सोयच नाही! फर्दापुरात मात्र तो काही प्रहर थांबला, आणि घोटाळा त्यानंतरचा.

फर्दापूरवर बोट ठेवून उत्तरेकडे पाहा. डाव्या हाताला धरणगाव आणि चोपडा, उजव्या हाताला एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर, आणि त्यापुढे बुऱ्हाणपूर. मराठ्यांना परतायचे होते बागलाणातल्या साल्हेरला, चोपड्यावरून. खानजहान वळला उजवीकडे. हे कळताच मराठ्यांनी आवराआवर केली आणि चार-पाच दिवसांत साल्हेर गाठले. उचलता न आलेला कितीतरी माल शहराच्या भिंतींखाली टाकून द्यावा लागला, इतकी ओझी झाली होती. अशा लादलेल्या फौजेला चोपड्यापाशी गाठले असते, तर मोगलांना यापेक्षा सोपी शिकार मिळाली नसती.

हा सगळा तपशील खाफीखानाचा. तो मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. खानजहान थांबला आणि भलतीकडे वळला, कारण संभाजीराजांच्या वकिलाने त्याला मोठी रक्कम पोचवली, असा बोभाटा होता, हेही त्यानेच नोंदवले आहे. बोभाटा खरा असेलही. पण फसलेल्या पाठलागाला लाचेइतके सोयीचे कारण दुसरे नसते. बुऱ्हाणपूर खानजहानच्या जबाबदारीतले शहर होते, आणि एदलाबाद त्याच शहराच्या वाटेवर. आधी शहराकडे धाव घ्यावी असे सुभेदाराला वाटणे काही अजब नाही. त्याने जळलेले घर गाठायचे ठरवले आणि चोराची वाट मोकळी राहिली, एवढेही कारण पुरते.

बुऱ्हाणपूरकरांना या बारकाव्यांशी देणेघेणे नव्हते. आमची अब्रू आणि मालमत्ता गेली, आता जुम्म्याची नमाजही बंद ठेवू, असा अर्ज त्यांनी थेट बादशहाकडे धाडला. औरंगजेबाने खानजहानची कडक शब्दांत कानउघाडणी केली. त्याच वर्षी बंडखोर शहजादा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला आला, आणि बादशहाला दख्खनेत खेचायला ते कारण अधिक वजनदार ठरले. १३ नोव्हेंबर १६८१ रोजी औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात दाखल झाला. नर्मदा ओलांडून तो पुन्हा कधी उत्तरेत गेला नाही.