खर्जाची नोंद

अष्टागराच्या उत्तर अंगाला, मांडवा आणि थळ यांच्या दरम्यान वसलेल्या किहीमला मुंबई ही रस्त्याने दूर, परंतु पाण्याने अगदी शेजारीण. त्यामुळे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा खाऱ्या पाण्यावरून मध्यम लहरी फारशा क्षीण न होता प्रवास करतात या निसर्गनियमाचा लाभ या किनाऱ्याला आपसूकच मिळाला. ज्याच्या ओसरीवर संच असेल त्याच्या वाडीत गाणे येई. मात्र त्या गाण्यातला डग्गा बहुधा पलीकडेच राही. गायकाचा स्वर येई, तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ लखलखीत येई, पण घुमाऱ्याच्या जागी बोटाची नुसती टकटक ऐकू येई. याचा सारा दोष त्या बिचाऱ्या संचाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही, कारण खर्जाला यंत्राच्या दरबारात मज्जाव होता तो त्याही पूर्वीपासून.

वास्तविक या मुलखात खर्जाचा अधिकार वादातीत होता. कान्होजी आंग्रे यांच्या सरखेलीपासून १८४० साली कुलाब्याचे संस्थान खालसा होईपर्यंतचा काळ हा नौबतीचा काळ. मराठेशाहीत नौबत हा बहुमान होता, आणि तो मिळालेला सरदार आपली सत्ता नगाऱ्याच्या मुखाने जाहीर करी. पुढे आलेल्या यंत्राने हा मानापमान साफ उलटा केला.

१९०२ साली फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कोलकात्यास उतरला आणि गौहरजानसारख्यांची गाणी मुद्रित करून त्याने ती हॅनोव्हरला तबकड्या काढण्यासाठी धाडली. त्या पद्धतीत विजेचा संबंध नव्हता; गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्या श्वासाच्याच बळावर सुईने मेणात रेघ ओढायची, एवढाच कारभार. असा कर्णा सेकंदाला सुमारे १७० ते २,००० कंपनांच्या दरम्यानचेच काय ते ऐके, आणि डग्ग्याचा घुमारा तर शंभराच्या आसपासचा. शिवाय जोराची थाप पडली की सुई रेघेबाहेर उडण्याची धास्ती. म्हणून तालवाद्यांना मागे सारण्याची वहिवाट पडली, आणि विलायतेत तर मोठ्या बास व्हायोलिनची हकालपट्टी होऊन तिची जागा फुंकून वाजवायच्या ट्यूबाने घेतली. तरीही आपल्याकडे तालाचा बोध होत राहिला, याचे श्रेय तबल्याच्या शाईला द्यावे लागते. तिच्यामुळे चर्मवाद्याचे उपस्वर सुसंवादी होतात हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० सालीच दाखवून दिले होते.

१९२५ साली विद्युत्-मुद्रण आले आणि खर्जाला दार किलकिले झाले. परंतु त्यानंतर स्टुडिओंतून प्रतिष्ठा पावलेला रिबन मायक्रोफोन भलताच नाजूक निघाला: त्यातली ॲल्युमिनियमची पट्टी इतकी पातळ, की ढोलाच्या तोंडून निघालेल्या वाऱ्याच्या एका झोताने ती ताणून निकामी व्हावी. खर्ज ऐकायचा, तर खर्जाचा तडाखा सोसणारे यंत्र हवे होते.

ते व्हिएन्नात घडले. रुडॉल्फ गोरिके आणि अर्न्स्ट प्लेस या दोघांनी १९४७ साली उभारलेल्या ए.के.जी. कंपनीने १९५३ साली ‘डी १२’ बाजारात आणला. बोजड, चौकोनी अंगलट, पुढे धातूची जाळी. आत मोठा पडदा, पडद्याला चिकटवलेले बारीक तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याभोवती लोहचुंबक. पडदा हलला की चुंबकाच्या क्षेत्रात वेटोळे हलते आणि वीज उपजते. खरी करामत मागे होती: पडद्याच्या पाठीशी हवेची एक कोठी अशा हिशेबाने ठेवलेली, की नीच स्वरांना तिने पाठबळ द्यावे. त्यातच असा एकाच दिशेने ऐकणारा मायक्रोफोन वाद्याच्या जवळ नेला की खर्ज आपोआप फुगतो. गंमत अशी, की हे यंत्र ढोलासाठी म्हणून जन्मले नव्हते. माणसाच्या आवाजासाठी आलेल्या या पाहुण्याला ढोलापाशी नेऊन बसवले ते ध्वनिमुद्रकांनी. त्याचाच भाऊबंद ‘डी २०’ हा १९६६ साली लंडनच्या ईएमआय स्टुडिओत जेफ एमरिक याने बीटल्सच्या मोठ्या ड्रमला जवळजवळ भिडवला. कंपनीच्या कायद्याने एवढी सलगी निषिद्ध होती, आणि अशा कायदेभंगाबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

चुंबकाचा विषय निघालाच आहे, तर किहीमच्या शेजारचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतले भूचुंबकीय मापन १९०४ साली अलिबागेस हलवण्यात आले, आणि तिथल्या इमारतीत लोखंड कटाक्षाने वर्ज्य करण्यात आले. विजेने चुंबक बिघडू नये म्हणून सरकार खाडी ओलांडून आले. पुढे अर्ध्या शतकाने त्याच वीज-चुंबकाच्या नात्याने डग्ग्याला वाचा दिली.

१९८६ साली ‘डी ११२’ आला आणि थोरल्याची गादी त्याच्याकडे गेली. २०१७ साली व्हिएन्नातला कारभारही आटोपला. आता जुना ‘डी १२’ हाती लागणे दुर्मीळ, आणि लागलाच तर त्याचा पडदा थकलेला असण्याचा संभव फार. घेणाऱ्याने ‘हॅलो, हॅलो’ म्हणून पारख करू नये, कारण बोलणे थकलेला पडदाही बऱ्यापैकी निभावून नेतो. त्यापेक्षा वादकाला बोलवावे, डग्गा नीट लावून घ्यावा, पुडीपासून वीतभर अंतरावर मायक्रोफोन ठेवावा आणि मनगटाने एक संथ घिस्सा घ्यायला सांगावा. घुमारा खाली उतरताना मधेच तुटला, तर किमतीची बोलणी तिथेच थांबवावीत.