मुंबईची मेथॉडिस्ट मंडळी व आपला मुलूख

शिरूर अनंतपाळ, निलंगा, उदगीर या बाजूच्या वाचकांस ‘मेथॉडिस्ट’ हें नांव ऐकतांच बीदर आठवतें, आणि तें साहजिक आहे. निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांतच होते, आणि या पंथाचें उपासनामंदिर व रुग्णालय बीदरला आहे. तथापि या मंडळीचें मूळ शोधूं लागल्यास बीदरचा किल्ला मागें टाकून मुंबईस जावें लागतें.

अमेरिकन मेथॉडिस्ट मिशन हिंदुस्थानांत १८५६ सालीं आलें. विल्यम बटलर यांनीं अयोध्या व रोहिलखंड हा प्रदेश निवडला. एका मिशननें दुसऱ्याच्या शेतांत नांगर घालूं नये असा संकेत असल्यामुळें गंगा ही या कार्याची सरहद्दच होऊन बसली. ती ओलांडली विल्यम टेलर यांनीं. सोन्याच्या लोभानें जमलेल्या सान फ्रान्सिस्कोच्या गर्दींत, भर रस्त्यावर उभें राहून उपदेश करणारा हा गृहस्थ १८७० मध्यें लखनौस व १८७१ च्या अखेरीस मुंबईस आला. पुढल्याच वर्षीं तेथें मेथॉडिस्ट मंडळी उभी राहिली. परदेशांतून पैसा मागवावयाचा नाहीं, सभासदांनींच आपल्या मंडळीचा खर्च सोसावयाचा, हा टेलर यांचा कटाक्ष होता.

या कटाक्षास शोभेल असा पुरुष मुंबईंत आधींच हजर होता. जॉर्ज बोवेन हे १८४८ च्या जानेवारींत अमेरिकन बोर्डाचे मिशनरी म्हणून आले, मराठी शिकले, आणि थोड्याच काळांत त्यांनीं पगार सोडून दिला. साहेबी बंगल्याऐवजीं देशी वस्तींतली लहानशी खोली त्यांनीं पत्करली. ‘बॉम्बे गार्डियन’ पत्राचें संपादन अनेक वर्षें केलें. टेलर आल्यावर ते मेथॉडिस्टांना मिळाले. १८८८ च्या फेब्रुवारींत मुंबईंतच त्यांचा अंत झाला. चाळीस वर्षांत ते एकदांही मायदेशीं परतले नाहींत. अपोलो बंदराजवळचें बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नांवाचें. आमच्या सुशिक्षितांस मिशनरी म्हटला कीं पगारदार परका आठवतो. त्यांनीं बोवेन यांचें चरित्र अवश्य पाहावें.

परंतु टेलर यांचें तत्त्व सर्वत्र सारखें चालण्याजोगें नव्हतें. मुंबईंतील त्यांचे श्रोते बहुतेक इंग्रजी बोलणारे, कचेऱ्यांत व रेल्वेंत नोकरी करणारे; दरमहा वर्गणी त्यांस झेपे. निजामी मुलुखांतील भूमिहीन खेडुतानें शाळेचा मास्तर व दवाखान्याचा डॉक्टर कोठून पोसावा? तेथें अमेरिकेची मदत घेणें प्राप्तच होतें. ती घेतल्याबद्दल दोष देणें मला रास्त वाटत नाहीं. मात्र पैशाबरोबर निर्णयाची किल्लीही दूर राहते, हेंही खरें.

२९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें निरनिराळ्या पंथांचें एकीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया निघालें, तेव्हां अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐन वेळीं बाहेर राहिले. स्वतःचा कारभार त्यांच्या हातीं पूर्णपणें आला तो १९८१ सालीं, ‘मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया’ या नांवानें.