देवणीचा बैल कोणी घडवला?

माणूस मन लावून काम कशासाठी करतो? पगारासाठी, हे सोपे उत्तर आहे आणि बऱ्याच अंशी खरेही आहे. पण आपल्या देवणीचा इतिहास पाहिला, तर ते अपुरे वाटते.

हा परिसर निजामाच्या राज्यात बिदर जिल्ह्यात होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर तालुक्याबरोबर तो उस्मानाबादकडे आला आणि 1982 मध्ये लातूर जिल्ह्यात गेला. सीमा बदलत राहिल्या. गावाचे नाव देशभर गेले ते देवणी गोवंशामुळे. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून हा वंश घडला, असे अभ्यासक मानतात. चेहऱ्याच्या बाजू काळ्या असलेला पांढरा वानेरा, अंगाच्या खालच्या भागावर काळे ठिपके असलेला बालंक्या, अंगभर काळे डाग असलेला शेवरा, हे त्याचे प्रकार.

ही निवड पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी केली. त्यासाठी त्यांना पगार नव्हता. आज निवडलेल्या वळूचे वासरू जुवाखाली यायला तीन-चार वर्षे लागतात. एवढा धीर कशाने येतो? एक म्हणजे फळ स्वतःच्याच घरात पडते: काळ्या रानात ओढणारा बैल आणि घरात दूध. दुसरे म्हणजे जाणत्यांची नजर. बाजारात चार माणसे जोडीभोवती थांबतात, पोळ्याला गाव बघते. इथल्या मुसलमान शेतकऱ्याच्या दारातही पोळ्याला बैल सजतो.

पण वैरण-पाणी, शेणघाण कोण करत होते? अनेक गोठ्यांत सालगडी. त्याचे साल पाडव्याला ठरायचे. जोडीला चांगली किंमत आली, तर ती मालकाची, कौतुकही मालकाचेच. वंशाच्या इतिहासात सालगड्याचे नाव नाही.

पुढे ट्रॅक्टर आला, बैलाचे काम घटले. 2015 च्या कायद्याने राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळणे अवघड झाले. झळ कुरेशी व्यापाऱ्याला बसली, तशीच नवी जोडी घेऊ पाहणाऱ्या शेतकऱ्यालाही.

आज देवणीचा अभिमान सगळेच सांगतात. पण निव्वळ कौतुकावर गोठा चालत नाही आणि निव्वळ मजुरीवर वंश घडत नाही. कामाचे फळ आणि कामाची कदर, दोन्ही एकाच माणसाच्या पदरात पडावी लागतात. देवणी टिकवायची असेल, तर शेण काढणाऱ्याला काय मिळते, हे आधी विचारावे लागेल.