नाण्यांचे दागिने

जुनी नाणी कडी डाखून, भोक पाडून किंवा कापडावर टाचून केलेले अलंकार. महाराष्ट्रात पुतळ्यांच्या माळेत सोन्याच्या नाणेवजा चकत्या ओवतात. सोलापूर जिल्ह्यातील मुळेगावसारख्या तांड्यांवरील बंजारा समाजाच्या पारंपरिक स्त्रीवेशात मात्र प्रत्यक्ष चलनी नाणी दिसतात. फेटिया (घागरा), कांचळी (चोळी) व ओढणी यांवर ती कवड्या, आरसे आणि मण्यांसोबत टाचलेली असतात.

ब्रिटिश अमदानीतील रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. त्यामुळे अशा रुपयांचा हार म्हणजे अंगावर बाळगलेली बचतच होती. अडीनडीला एखादे नाणे काढून मोडता येई. १९४० पासून रुपयातील चांदी ५० टक्क्यांवर आली आणि पुढे तो निकेलचा झाला. तेव्हापासून नव्या नाण्यांत धातूच्या मोलापेक्षा शोभाच उरली. चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली आणि १९५७ नंतरचे दशमान पैसेही सजावटीत आले. २५ पैशांचे नाणे २०११ मध्ये चलनातून बाद झाले, तरी कापडावरची त्याची जागा टिकू शकते.

हारासाठी सोनार नाण्याच्या काठावर कडी डाखतो, म्हणजे छाप शाबूत राहतो. भोक पाडलेले नाणे थेट दोऱ्यात ओवता येते, पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत घटते. सतत अंगाला घासून नाण्यावरील राजाचा चेहरा पुसट होतो. जुना हार ओळखण्याची ती एक खूण आहे.