मुखत्यार आणि त्याचे दप्तर

ज्यांची हयात सरकारी कचेऱ्यांत गेली आहे त्यांस मुखत्यार आणि बेनामीदार यांतील भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. मुखत्यार उघडपणे सांगतो की मी अमुक धन्याच्या वतीने सही करीत आहे. बेनामीदार धन्याचे नावच दडवितो. पहिल्यास कायद्याने मान दिला, तर दुसऱ्यास आळा घालण्यासाठी १९८८ साली आपल्याकडे स्वतंत्र कायदा करावा लागला. संगणकाच्या व्यवहारात 'प्रॉक्सी' म्हणून जी वस्तू सर्वतोमुखी झाली आहे, तिच्या नावाचा अर्थ मुखत्यार असा असला तरी तिच्याकडून आज घेतले जाणारे काम पुष्कळदा बेनामीदाराचे असते. नावात आणि कामात ही तफावत कशी पडली, आणि ज्याच्या आड माणसे लपली त्या मध्यस्थाचेच दप्तर वेळोवेळी कसे उघडले गेले, याचा थोडा इतिहास येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

वस्तुतः प्रॉक्सीचा जन्म गुप्ततेसाठी झाला नाही. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मोठ्या संस्था आपल्या संगणकांभोवती तटबंदी उभारू लागल्या. आतील माणसास बाहेरच्या जगाशी बोलावयाचे तर वेशीवर एक दुभाषा हवा, म्हणून १९९२ मध्ये 'सॉक्स' नावाची रीत पुढे आली. तिची पाचवी आवृत्ती १९९६ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाली. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेतही १९९४ च्या सुमारास असाच मध्यस्थ तयार झाला. तो तटाबाहेरील पाने आतल्यांना आणून देई आणि एकदा आणलेले पान जपून ठेवून दुसऱ्या मागणाऱ्यास लगेच पुरवी. आवक-जावक कारकुनाचेच हे काम. बाहेरच्या यंत्रास मात्र आतील माणसाचा पत्ता दिसत नसे. त्यास दिसे तो कारकुनाचा. हा आनुषंगिक गुण होता, पण पुढे लोकांनी तोच मुख्य मानला.

पत्ता लपविण्यासाठीच मध्यस्थ उभा केल्याचे सर्वांत बोलके उदाहरण फिनलंडचे आहे. योहान हेल्सिंगियस या गृहस्थाने १९९३ साली एक निनावी टपालघर चालू केले. तुम्ही तेथे पत्र धाडावे. यंत्राने तुमचे नाव पुसून त्या जागी एक क्रमांक घालावा व पत्र पुढे रवाना करावे. त्या क्रमांकावर कोणी उत्तर दिले तर ते तुमच्या खऱ्या पत्त्यावर पोहोचवावे. सोय मोठी होती. व्यसनातून सुटू पाहणारे, छळ सोसलेले, धन्याविरुद्ध तक्रार असलेले असे कितीतरी लोक तिचा आश्रय घेऊ लागले. परंतु उत्तर परत पोहोचवावयाचे तर क्रमांक व खरा पत्ता यांची जोडवही ठेवणे भाग होते, आणि ती वही एकाच माणसाच्या ताब्यात होती. १९९५ च्या फेब्रुवारीत सायंटॉलॉजी या पंथाने आपला अंतर्गत मजकूर चोरून निनावी प्रसिद्ध केल्याची तक्रार केली आणि फिनलंडचे पोलीस झडतीचा हुकूम घेऊन हेल्सिंगियसच्या दारात आले. सगळी वही जाण्यापेक्षा एक नाव गेलेले बरे, या हिशेबाने त्याने त्या एका माणसाचा पत्ता दिला. पुढील वर्षी आणखी मागणी आली. विद्युत्-टपालास पत्राइतके संरक्षण नाही असा अर्थ खालच्या न्यायालयाच्या निर्णयातून निघाला, तेव्हा १९९६ च्या ऑगस्टमध्ये त्याने टपालघरच बंद करून टाकले. त्या वेळी वहीत सुमारे ७ लाख नोंदी होत्या.

हेल्सिंगियस हा प्रामाणिक मनुष्य होता, याविषयी त्याच्या टीकाकारांनाही फारशी शंका नव्हती. प्रश्न त्याच्या सचोटीचा नव्हताच. वही होती, म्हणून ती मागितली गेली. डेव्हिड चॉम या अमेरिकन गणितज्ञाने या अडचणीवरचा उपाय १९८१ मध्येच एका निबंधात मांडला होता. एका मध्यस्थाऐवजी अनेकांची साखळी करावी. पत्र पाकिटात, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात, ते तिसऱ्यात असे बंद करावे. प्रत्येक मध्यस्थाने आपल्यापुरते वरचे पाकीट फोडून आतले पुढच्याकडे द्यावे. म्हणजे कोणा एकास पाठविणारा व घेणारा दोन्ही ठाऊक होत नाहीत. वॉशिंग्टनच्या नौदल संशोधनशाळेत १९९० नंतरच्या दशकात याच कल्पनेवर कांद्याच्या पापुद्र्यांची उपमा घेऊन एक योजना रचली गेली, आणि तिच्यातून २००२ च्या सुमारास 'टॉर' ही व्यवस्था निघाली. लष्करी खात्याच्या पैशाने निर्माण झालेला हा पडदा पुढे पत्रकारांच्या, बंडखोरांच्या आणि गुन्हेगारांच्याही उपयोगी पडला, ही गंमत इतिहासाच्या वाचकास नवी वाटणार नाही.

इकडे फायलींची परस्पर देवघेव हे प्रकरण १९९९ मध्ये उद्भवले. शॉन फॅनिंग या महाविद्यालयीन तरुणाने त्या वर्षीच्या जूनमध्ये 'नॅपस्टर' सुरू केले. गाणी लोकांच्या संगणकांवर; नॅपस्टरजवळ केवळ कोणाकडे काय आहे याची सूची. परंतु सूची ही देखील वहीच. २००० च्या मे महिन्यात मेटॅलिका या वाद्यवृंदाने आपली गाणी वाटणाऱ्या ३ लाखांहून अधिक टोपणनावांची यादी खोक्यांत भरून नॅपस्टरच्या दारात आणून ठेवली. न्यायालयात हार होऊन २००१ च्या जुलैमध्ये नॅपस्टर थांबले. मध्यभागी सूची ठेवणारा सापडतो हा धडा पुढच्यांनी चांगलाच गिरविला. बिटटॉरेंट या ब्रॅम कोएनच्या २००१ सालच्या पद्धतीत एका फायलीचे शेकडो तुकडे होतात. ज्याच्याकडे जो तुकडा आहे तो त्याने इतरांस द्यावा, आणि स्वतःस हवा तो त्यांच्याकडून घ्यावा. तुकडा अस्सल आहे की नाही हे त्याच्या गणिती ठशावरून पडताळता येते. 'ट्रॅकर' नावाचे यंत्र केवळ या घोळक्यात सध्या कोण कोण आहे त्यांचे पत्ते सांगते. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींच्या वाटपास ही रीत फार सोयीची ठरली, हे विसरता कामा नये.

पण येथेच मेख होती. देवघेव करावयाची तर घोळक्यातील प्रत्येकास प्रत्येकाचा आयपी पत्ता कळलाच पाहिजे. मध्यवर्ती वही फाडली खरी, पण तिची पाने बाजारात उघडी पसरली गेली! ज्यास पाळत ठेवावयाची त्याने घोळक्यात शिरून पत्ते टिपून घ्यावेत, एवढेच काम उरले.

अमेरिकेतील ध्वनिमुद्रण व्यावसायिकांच्या संघटनेने तेच केले. पत्ता हाती आला तरी तो कोणाचा हे दूरसंचार कंपनीच सांगू शकते. व्हेरायझन कंपनीने नाव देण्याचे नाकारले. २००३ च्या आरंभी ती हरली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये वरिष्ठ न्यायालयात जिंकली. दरम्यान ८ सप्टेंबर २००३ रोजी २६१ व्यक्तींवर दावे गुदरून झाले होते. त्यांत न्यूयॉर्कची एक १२ वर्षांची मुलगी होती. तिच्या आईने २००० डॉलर भरून प्रकरण मिटविले. मॅसॅच्युसेट्समधील साठी उलटलेल्या एका शिल्पकार बाईंवर रांगडी गाणी वाटल्याचा आरोप आला. ज्या साधनाने ती वाटली म्हणत ते त्यांच्या जातीच्या संगणकावर चालतच नव्हते, तेव्हा दावा मागे घ्यावा लागला. लेखक-कलावंताच्या कष्टाची चोरी ही चोरीच, याविषयी आमचे दुमत नाही. तुटपुंज्या मानधनावर लिहिणाऱ्यांच्या मासिकातून तरी दुसरे मत निघू नये. पण पत्ता म्हणजे माणूस नव्हे, हे फिर्यादींस फार उशिरा उमगले. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी हे मोठ्या मौजेने सिद्ध केले. मध्यस्थामागील यंत्रांच्या सोयीसाठी ट्रॅकरला आपला पत्ता निरोपात लिहून कळविण्याची मुभा असते. त्यांनी तेथे विद्यापीठातील छपाईयंत्रांचे पत्ते लिहिले, आणि काही काळाने त्या छपाईयंत्रांवर चित्रपट चोरल्याच्या रीतसर नोटिसा येऊन थडकल्या!

दाव्यांच्या भयाने लोक मध्यस्थाच्या आश्रयास धावले. कोणी सॉक्सची प्रॉक्सी घेतली. तीत घोळक्यास मध्यस्थाचा पत्ता दिसतो हे खरे; पण मजकूर झाकला जात नाही, आणि आपल्या दारची दूरसंचार कंपनी तो वाचू शकते. पुष्कळ कार्यक्रम काही निरोप मध्यस्थाकडून पाठवीत आणि काही परस्पर, थेट. पुढच्या दाराला कुलूप लावून मागचे सताड उघडे ठेवावे, त्यातला हा प्रकार. कोणी फुकट म्हणून टॉरचा आश्रय घेतला. फ्रान्समधील संशोधकांनी टॉरच्या बाहेर पडण्याच्या काही वाटांवर २३ दिवस लक्ष ठेवले आणि तेवढ्यात सुमारे १०,००० लपलेल्यांचे खरे पत्ते हुडकून काढले. पडदा त्यांनी फाडला नाही. देवघेवीचा कार्यक्रमच निरोपाच्या पोटात आपला खरा पत्ता लिहून मोकळा होई. ज्या रकान्याने छपाईयंत्रास चोर ठरविले, त्यानेच लपलेल्यास उघडे पाडले. त्याहून वाईट असे की तोच माणूस त्याच वाटेने दुसरे काही वाचीत असेल, तर तेही त्याच्या नावे लागे. टॉर चालविणाऱ्यांनी २०१० च्या एप्रिलमध्ये जाहीरपणे विनवणी केली की कृपा करून ही देवघेव येथून करू नका. स्वयंसेवकांच्या अरुंद वाटा तिने तुंबतातच, आणि तुम्हीही झाकले जात नाही.

स्वीडनमध्ये या प्रकरणाचे राजकारण झाले. १ एप्रिल २००९ रोजी तेथे नवा कायदा अमलात आला. पत्त्यामागील नाव न्यायालयामार्फत मागण्याचा अधिकार त्याने ग्रंथस्वामित्वधारकांस दिला. त्याच दिवशी देशातील इंटरनेटची रहदारी सुमारे एक तृतीयांशाने घटली. किती लोक काय करीत होते, याचा यापेक्षा प्रांजळ कबुलीजबाब आमच्या तरी पाहण्यात नाही. पण त्याच वर्षी त्या देशात भाड्याने मिळणाऱ्या गुप्त वाहिन्यांचा, म्हणजे व्हीपीएनचा, धंदाही उभा राहिला. व्हीपीएन हा प्रॉक्सीचाच थोरला भाऊ. तो सगळा मजकूर बंद नळीतून नेतो. मात्र नळीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला गृहस्थ फिनलंडच्या त्या टपालमास्तराइतकाच सर्वज्ञ असतो. ब्रिटनमधील अशाच एका कंपनीने न्यायालयाच्या हुकुमावरून आपल्या नोंदी दिल्या आणि २०११ मध्ये तिचा एक गिऱ्हाईक अमेरिकेत पकडला गेला. त्याने मोठी घरफोडी केली होती, तेव्हा त्याच्याविषयी हळहळ वाटण्याचे कारण नाही. त्या कंपनीच्या इतर गिऱ्हाइकांस मात्र नोंदी होत्या हे त्या दिवशी कळले.

याउलट मुलवाड या स्वीडिश कंपनीचे. ती गिऱ्हाइकाचे नाव विचारीत नाही. केवळ क्रमांक देते, आणि पाकिटातून रोख पैसेही घेते. १८ एप्रिल २०२३ रोजी पोलीस झडतीचा हुकूम घेऊन तिच्या कचेरीत आले. मागितलेली माहिती मुळात ठेवलीच जात नाही हे दाखविल्यावर ते रिकाम्या हाती परतले. पत्रे फिरवून उत्तर पोहोचविण्याची जबाबदारी नसल्यामुळे हेल्सिंगियसला जे शक्य नव्हते ते हिला शक्य झाले, हेही न्यायाने म्हटले पाहिजे.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला. त्यावर मर्यादा घालावयाची तर कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशा कसोट्या त्या निर्णयात आहेत. त्यानंतर २८ एप्रिल २०२२ रोजी 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या यंत्रणेने फर्मान काढले की व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचे पडताळलेले नाव, पत्ता, दूरध्वनी, त्यास दिलेला आयपी पत्ता व सेवा घेण्याचे प्रयोजन यांची नोंद ठेवावी, आणि सेवा संपल्यावरही ती किमान ५ वर्षे जतन करावी. कचेऱ्यांच्या अंतर्गत वाहिन्यांस यातून सूट मिळाली. तेव्हा आमच्या बहुतेक वाचकांस आपल्या टेबलावर काही फरक जाणवला नसेल. अपराध्याचा माग काढण्यासाठी नोंद हवी, ही सरकारची बाजू क्षुल्लक नाही. फसवणुकीच्या तपासात मध्येच तुटलेला धागा हाती घेऊन बसणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांपैकी काहींनी अनुभवलेही असेल. परंतु ज्यांच्यावर कसलाही संशय नाही त्यांचीही वही आधीच लिहून ठेवावयाची, हे उपायाच्या प्रमाणात बसते काय, याचे उत्तर त्या फर्मानात शोधून सापडत नाही.

फर्मान २५ सप्टेंबर २०२२ पासून या सेवांस लागू झाले. तत्पूर्वीच अनेक परदेशी कंपन्यांनी भारतातील आपली यंत्रे हलविली होती. त्यांपैकी एकीने भारतीय पत्ता हवा असणाऱ्यांची सोय कायम ठेवली. तो पत्ता देणारी तिची यंत्रे सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये होती.