अपस्मार आणि दुखावलेले स्नायू

पेडणे व डिचोली हे महाल १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीज अंमलाखाली आले. पणजीस वैद्यकशाळा निघाली ती १८४२ साली. खेड्यापाड्यांत मात्र कोणास फेफरे आले की कांदा हुंगवावा, हातपाय दाबून धरावेत, हाच उपचार दीर्घकाळ चालत राहिला. शुद्धीवर आलेला रुग्ण अंग ठेचल्यासारखे दुखते म्हणाला, तर भुतानेच मारले असा अर्थ लावला जाई.

ही वेदना खरी असते. तिचे कारण तेवढे निराळे. चरकाने अपस्मार हा भूतबाधेहून वेगळा, दोषांपासून उद्भवणारा व्याधी मानून त्याचे चार प्रकार सांगितले. झटक्यात शरीरातील स्नायू एकाच वेळी पराकाष्ठेने आकुंचन पावतात. जीभ चावली जाते, स्नायूंचे तंतू तुटतात, क्वचित पाठीचा मणकाही दबतो. खांदा आत वळविणारे स्नायू बाहेर वळविणाऱ्यांहून बलवान असल्याने सांधा मागच्या बाजूस निखळतो. अपस्माराच्या रुग्णातील अशी दुखापत ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाने १८३९ साली नमूद केली. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. तथापि केवळ समोरून घेतलेल्या चित्रात हा निखळलेला सांधा आजही नजरेतून सुटू शकतो.

पेडणे महालातील मांद्रे येथे जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड १८५१ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवीधर झाले. त्यांच्याच हयातीत, १८५७ मध्ये, लंडनच्या लोकॉक यांनी या विकारावर ब्रोमाइडचा गुण सांगितला. १९१२ मध्ये फेनोबार्बिटल आले, १९३८ मध्ये फेनिटॉइन. झटके आवरले की स्नायूंची हानीही टळते.

लंडनवरील बाँबवर्षावात ढिगाऱ्याखाली चिरडलेल्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे बायवॉटर्स यांनी १९४१ साली दाखविले. फुटलेल्या स्नायूंतील रंगद्रव्य रक्तावाटे मूत्रपिंडात उतरते. लांबलेल्या झटक्यातही हेच घडू शकते. म्हणून नंतर लघवी काळपट तांबूस झाल्यास विलंब न करता इस्पितळ गाठावे.

झटक्याच्या वेळी हातपाय दाबून धरल्यास इजा वाढते. तोंडात काही घालू नये. डोक्याखाली मऊ वस्त्र ठेवावे आणि आचके थांबताच रुग्णास कुशीवर वळवावे. झटका पाच मिनिटांत न थांबल्यास तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी. शुद्धीवर आल्यावर त्याचा हात वर होतो का, हेही पाहावे. दुखणाऱ्या देहाची तक्रार भुताच्या माथी न मारता ऐकून घेणे, हाच उपचाराचा आरंभ होय.